मलमातील थर आणि डिंकाचा विद्युतभार

बाह्योपचारार्थ केलेले क्रीम सायंकाळी बरण्यांत भरावे आणि सकाळी झाकण उघडताच कडेला पाणी सुटलेले व मध्ये रवाळ गोळा बसलेला दिसावा, हा अनुभव फार्मसी चालविणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी आलेला असतो. अशा वेळी दोष ढवळण्याला, तापमानाला किंवा मेणाच्या प्रतीला दिला जातो. आम्हीही तोच दिला होता. कुमारी व यष्टिमधु यांचे, टाचांच्या भेगांसाठी योजलेले एक क्रीम लागोपाठ दोनदा असे फाटले. तिसऱ्या वेळी ते फाटले नाही. परंतु त्या तिसऱ्या बॅचने आम्हांला जे शिकविले ते पहिल्या दोन बॅचेसनी शिकविले नव्हते. त्याविषयी पुढे येईलच.

घटकांची टिपणे पुन्हा तपासली तेव्हा दोन गोष्टी एकत्र आल्याचे आढळले. कुमारीरस दाट राहावा म्हणून त्यात कार्बोमर घातला होता, आणि त्याच सुमारास नेहमीच्या पायसकारी मेणाऐवजी सेट्रिमाइडयुक्त मेण वापरात आले होते. कार्बोमर ऋणभारित, सेट्रिमाइड धनभारित. दोन्ही द्रव्ये आपापल्या जागी निर्दोष होती. त्यांची गाठ पडणे मात्र घातक ठरले. विद्युतभार असलेले बहुवारिक, म्हणजे डिंकासारखा लांब साखळीचा रेणू, साबणसदृश द्रव्यांच्या रचनेत शिरला की काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साबणसदृश द्रव्यांची मांडणी

रिठ्याला आपल्या ग्रंथांत ‘फेनिल’ हे नाव आहे. फेस करणाऱ्या द्रव्याच्या रेणूला पाण्याची आवड असलेले डोके आणि तेलाची आवड असलेली शेपटी असते. पाण्यात अशा द्रव्याचे प्रमाण एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की शेपट्या आत व डोकी बाहेर अशा गोलाकार टोळ्या बनतात. जेम्स मॅकबेन यांनी १९१३ च्या सुमारास साबणाच्या द्रावणांविषयी ही कल्पना मांडली. अशा टोळीस मिसेल म्हणतात. सोडियम लॉरिल सल्फेटच्या बाबतीत ही मर्यादा पाण्यात सुमारे पाव टक्का आहे.

प्रमाण आणखी वाढविले तर गोळ्यांच्या लांब कांड्या होतात व त्या मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी रचतात. त्यापुढे पत्र्यांसारखे थर होऊन एकावर एक बसतात, व प्रत्येक दोन थरांमध्ये पाणी राहते. हे पदार्थ द्रवाप्रमाणे वाहतात, पण त्यांची मांडणी स्फटिकासारखी नियमित असते, म्हणून यांना द्रव स्फटिक म्हणावयाचे. फ्रेडरिक रायनिट्झर यांनी १८८८ मध्ये कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू असल्याचे पाहिले आणि ऑटो लेहमान यांनी त्याचा अर्थ लावला, तेव्हापासून या विषयाचे शास्त्र सुरू झाले. साबण उकळणारे कारागीर मात्र साबणाच्या या अवस्था त्याआधीपासून हाताने ओळखत होते.

याचा आपल्या क्रीमशी संबंध असा. ब्रिटिश औषधसंहितेतील पायसकारी मेणात सेटोस्टीअरिल अल्कोहोल ९० भाग व सोडियम लॉरिल सल्फेट १० भाग असतात. क्रीम म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे थेंब, एवढीच आपली समजूत असते. परंतु ब्रायन बॅरी, जिलियन एक्लस्टन प्रभृतींच्या अभ्यासातून असे स्पष्ट झाले की, या मेणाचा मोठा भाग थेंबांभोवती न राहता पाण्यात थरांचे जाळे विणतो आणि क्रीमचा दाटपणा मुख्यतः त्या जाळ्याचा असतो. क्रीम गरम असताना हे थर द्रव स्फटिकाच्या अवस्थेत असतात. निवल्यावर शेपट्या गोठतात, पण थरांची मांडणी कायम राहते. लॉरिल सल्फेटमुळे प्रत्येक थरावर ऋण भार असतो. समान भाराचे थर एकमेकांना दूर लोटतात आणि त्या अंतरात पाणी भरून राहते. लॉरिल सल्फेट केवळ दहा भाग, पण थर फुगवून पाणी धरण्याचे काम त्याच्या भाराचे. सेट्रिमाइडच्या मेणातही प्रमाण तेच ९० व १० असते. भार तेवढा उलट, धन.

(शतधौत घृताला हे विवेचन लागू नाही. तेथे स्नेहात पाणी सामावलेले असते, पाण्यात स्नेह नव्हे.)

डिंकांची कुळे

क्रीम, जेल किंवा केशधावन दाट करण्यासाठी आपण जे बुळबुळीत पदार्थ वापरतो त्यांकडे भाराच्या दृष्टीने पाहिले तर तीन कुळे दिसतात. गवारीचा डिंक व मेथीचा चिकट भाग हे भाररहित. बाभळीचा डिंक, कतिरा, अल्जिनेट, झँथन, पेक्टिन, कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज आणि उदासीन केलेला कार्बोमर हे ऋणभारित. जवस व भेंडी यांच्या बुळबुळीतही आम्लगट असल्याने ती याच कुळातली. धनभारित कूळ लहान आहे: कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन, तसेच रासायनिक संस्काराने धनभारित केलेला गवार-डिंक आणि सेल्युलोज. वनस्पतिज डिंकांत निसर्गतः धन भार जवळजवळ आढळतच नाही. म्हणून ‘वनस्पतीचाच डिंक आहे, घाला’ असे म्हणणारा औषधनिर्माता नकळत बहुधा ऋण भारच घालत असतो.

भाररहित डिंक थरांच्या कामात फारशी ढवळाढवळ करीत नाही. समान भाराचा डिंक, उदाहरणार्थ लॉरिल सल्फेटच्या क्रीममध्ये झँथन, थरांमधल्या अरुंद जागेत शिरत नाही, बाहेरच राहतो. बाहेर राहून तो व त्याच्यासोबतचे आयन पाणी आपल्याकडे ओढतात, त्यामुळे थर थोडे जवळ येतात, परंतु मोडत नाहीत. अल्प प्रमाणात घातल्यास क्रीम उलट अधिक स्थिर होते. प्रमाण वाढवीत नेले तर मात्र थरांतील पाणी उपसले जाऊन क्रीम ताठ व ओशट लागते.

विरुद्ध भारांची गाठ

आमची फसगत झाली ती विरुद्ध भाराच्या डिंकामुळे. येथे ‘विरुद्ध भार आकर्षितात’ एवढेच सांगून भागत नाही. धनभारित सेट्रिमाइडच्या टोळीभोवती ब्रोमाइड आयनांची दाटी असते, आणि ऋणभारित डिंकाच्या साखळीभोवती सोडियमची. दोघे एकत्र आले की ही सारी दाटी एकाएकी मोकळी होऊन पाण्यात पसरते. या मुक्ततेचा लाभ इतका मोठा असतो की, एरवी मिसेल बनण्यास जेवढे प्रमाण लागते त्याच्या कित्येक पट कमी प्रमाणात साबणद्रव्याचे रेणू साखळीवर टोळ्या करून बसू लागतात. भार परस्परांना पुरेपूर फिटले की पाण्यात राहण्याचे कारणच उरत नाही. गढूळपणा, तंतू किंवा चिकट थेंब होऊन ते वेगळे पडते. त्यांतील द्रवरूप, पाणी धरून असलेल्या प्रकारास कोॲसर्व्हेट म्हणतात. हे नाव बुंगेनबर्ग डी योंग व क्रुइट यांनी १९२९ मध्ये दिले. त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणांत जिलेटिन आणि बाभूळवर्गीय डिंक ही जोडी होती.

वेगळे पडलेले हे द्रव्य निव्वळ गाळ नसते, आणि आमच्या मते या विषयातील सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच आहे. क्ष-किरणांनी पाहता त्यातही द्रव स्फटिकाची नियमित रचना सापडते. स्वीडनमधील लुंड येथे लेनार्ट पिक्युलेल व सहकाऱ्यांनी सेट्रिमाइडच्या वर्गातील द्रव्य आणि पॉलिॲक्रिलेट यांच्या संयुक्त क्षारांचा दीर्घ अभ्यास केला. पाणी भरपूर असता गोल मिसेलांची घनाकार मांडणी, पाणी कमी केले की कांड्यांची षट्कोनी मांडणी, आणि लांब शेपटीचा अल्कोहोल मिसळला की थरांची मांडणी, असा क्रम तेथे दिसला. कार्बोमर हा पॉलिॲक्रिलेटचाच आडवे सांधे असलेला प्रकार आणि आपल्या मेणात लांब शेपटीचा अल्कोहोल नव्वद भाग. तेव्हा आमच्या फाटलेल्या क्रीममध्ये काय झाले असावे हे उघड आहे. थर नाहीसे झाले नाहीत. ऋणभारित साखळीने दोन धनभारित थरांना जवळ ओढून बांधले, त्यांच्यामधील पाणी बाहेर ढकलले, आणि तेच पाणी बरणीच्या कडेला साचले.

अशी मांडणी कुठे उपकारकही ठरते. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील सान्ता बार्बरा येथे सफिन्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, धनभारित स्निग्ध थरांत ऋणभारित डीएनए मिसळला असता थर, त्यावर डीएनएच्या समांतर कांड्या, पुन्हा थर अशी सुमारे साडेसहा नॅनोमीटर अंतराची रचना आपोआप होते. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत डीएनए व सेट्रिमाइडवर्गीय द्रव्याच्या संयुगांवर काम झाले आहे. तेथे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एका तिसऱ्या लहान रेणूचे प्रमाण बदलून षट्कोनी रचनेचे थरांत रूपांतर झालेले दिसले. एमआरएनए लशींतही ऋणभारित लांब रेणूला धनभारित स्निग्ध द्रव्यच धरून ठेवते. अशी एक लस पुण्यात तयार झाली व २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली.

केशधावनातही हेच तत्त्व हेतुपूर्वक वापरतात. बाटलीत लॉरिल ईथर सल्फेट भरपूर आणि धनभारित गवार-डिंक अल्प, म्हणून डिंकाच्या साखळीवर साबणद्रव्य गरजेपेक्षा जास्त बसते व द्रव स्वच्छ राहतो. डोक्यावर पाणी पडताच साबणद्रव्याचे प्रमाण घटते, भारांची फिटंफाट होते आणि कोॲसर्व्हेट केसांवर उतरतो. ‘केस मऊ होतात’ असे ज्याला आपण म्हणतो ते पुष्कळसे या उतरलेल्या थराचे काम आहे. केवळ रिठा-शिकेकाईच्या काढ्यात असा डिंक घालून तोच परिणाम मिळेल असे मात्र समजू नये. रिठ्यातील फेनिल द्रव्यांवरील आम्लगट दुर्बल असतो. सामू खाली गेला की तो भारच देत नाही.

काढे, क्षार आणि टंकण

आपल्या फार्मसीत अडचण अशी की, शुद्ध रसायने मिसळणाऱ्या कारखान्यापेक्षा आपली द्रव्ये संमिश्र असतात. यष्टिमधूतील ग्लिसिरायझिनला तीन आम्लगट असतात. ते बहुवारिक नव्हे, परंतु ऋणभारित फेनिल द्रव्य आहेच. म्हणजे आमच्या क्रीममध्ये सेट्रिमाइडचा विरोधक एक नसून दोन होते. त्रिफळा, खदिर, लोध्र यांच्या काढ्यांतील टॅनिनेही धनभारित द्रव्यांशी अवक्षेप देतात. भाररहित सेटोमॅक्रोगॉल मेण घेतले म्हणजे सुटलो, असेही नाही. टॅनिन व सेटोमॅक्रोगॉल यांचे पटत नाही आणि कषाय काढ्यात ते क्रीम पातळ पडते.

कुमारीरसात कॅल्शियम व सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. क्षार डिंकाच्या भारावर पडदा टाकतात, म्हणून कार्बोमरचे घट्ट जेल कुमारीरस मिसळताच सैल होते. यवक्षाराने तेच अधिक वेगाने घडते. स्फटिकेतील ॲल्युमिनियम तर तीन भारांचे. ते अल्जिनेटला गोठविते व साबणाला फाडते. क्षाराचा उलटा उपयोगही आहे: डिंक आणि सेट्रिमाइड यांचा अवक्षेप पुरेशा मिठाच्या पाण्यात पुन्हा विरघळतो. विरघळला म्हणून क्रीम सावरले असे मात्र मानू नये. तेवढ्या मिठात थरांची फूगही ओसरलेली असते.

टंकणाचे वर्तन विशेष पाहण्यासारखे आहे. गवार व मेथी यांचे डिंक भाररहित, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु टंकणातील बोरेट आयन या डिंकांच्या शेजारच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतो आणि दोन साखळ्या एकमेकींना सांधतो. गवारीच्या पातळ लुकणात टंकणाचे द्रावण टाकले की ते पाहता पाहता रबरासारखे लोंबू लागते. एवढेच नव्हे, बोरेट बसल्याने भाररहित साखळीवर ऋण भार येतो, आणि जो डिंक सेट्रिमाइडशी निरुपद्रवी होता तोच आता अवक्षेप देतो. मुखपाक किंवा त्वग्रोगासाठी टंकणयुक्त जेल करणाऱ्यांनी मेथी-गवार टाळावी, किंवा टंकण अगदी शेवटी, पातळ करून व सामू पाहून घालावे. कुळाची यादी पाठ करून भागत नाही, ते यासाठी.

न फाटलेले क्रीम

आता तिसऱ्या बॅचविषयी. कार्बोमर एक चतुर्थांशावर आणला, ढवळण्याचा वेग कमी केला, आणि क्रीम फाटले नाही. ते गुळगुळीत व चकचकीत होते. आम्ही समाधान पावलो. सेट्रिमाइड स्वतः जंतुनाशक असल्याने वेगळ्या परिरक्षकाचे प्रमाणही त्या सूत्रात कमी ठेवले होते. श्रावणात एका मधुमेही रुग्णाने बरणी परत आणली. झाकणाच्या आतील बाजूस बुरशीचे करडे ठिपके होते. बरणीत बोट न घालता लाकडी चमच्याने क्रीम घेणारा तो व्यवस्थित मनुष्य. त्यामुळे दोष त्याच्यावर ढकलण्याची सोय नव्हती. भेगाळलेल्या टाचेवर, तीही मधुमेह्याच्या, बुरशी लागलेले क्रीम चोळले गेले असते तर काय प्रसंग ओढवला असता हे वैद्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. उरलेल्या सर्व बरण्या आम्ही परत मागविल्या.

कारण तेच होते. सेट्रिमाइड जंतूंवर काम करते ते मोकळे असताना. ऋणभारित साखळीवर व ग्लिसिरायझिनशी बांधले गेलेले सेट्रिमाइड वजनात भरते, परीक्षणात सापडते, पण जंतूपर्यंत पोहोचत नाही. बेन्झाल्कोनियम क्लोराइड व क्लोरहेक्झिडिन यांचेही असेच. साबण, अल्जिनेट, कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज यांच्या संगतीत ती निष्प्रभ होतात. फाटलेले क्रीम स्वतःचा दोष सांगून टाकते. न फाटलेले सांगत नाही, आणि म्हणूनच अधिक भयावह. जखम सेट्रिमाइडच्या द्रावणाने धुऊन लगेच साबणाच्या पाण्याने पुसणाऱ्या परिचारकाकडूनही हीच चूक होते, हे चिकित्सालय चालविणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

भार ओळखण्याची साधी परीक्षा

महागडे यंत्र न घेता डिंकाचा भार ओळखता येतो. डिंकाचे अर्धा टक्का द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात करून गाळून घ्यावे; नळाच्या जड पाण्यातील कॅल्शियम निष्कर्ष बिघडवते. काचनळीत दहा मिलिलिटर घेऊन त्यात सेट्रिमाइडचे एक टक्का द्रावण थेंबाथेंबाने घालावे व प्रत्येक थेंबानंतर हलवावे. ऋणभारित डिंक गढूळ होतो, तंतू किंवा गुठळ्या धरतो. भाररहित डिंक स्वच्छ राहतो. घाईने एकदम ओतू नये, कारण सेट्रिमाइड अतिरिक्त झाल्यास आलेला गढूळपणा विरघळू शकतो व ऋणभारित डिंक भाररहित समजला जातो. धनभारित डिंकासाठी सेट्रिमाइडऐवजी लॉरिल सल्फेटचे एक टक्का द्रावण घ्यावे. कायटोसॅन साध्या पाण्यात विरघळत नाही. एक टक्का ॲसेटिक आम्लात विरघळवावे. कार्बोमर आधी उदासीन करून घ्यावा. रसायनशास्त्रज्ञ आम्लधर्मी शर्करासाखळ्या भाररहित साखळ्यांपासून वेगळ्या करण्यासाठी हीच युक्ती वापरतात. आपण ती उलट्या बाजूने वापरीत आहोत इतकेच.

हीच परीक्षा काढ्यालाही लावावी. काढा गाळून, त्याचा सामू क्रीमच्या सामूएवढा करून, मगच सेट्रिमाइड घालून पाहावे. आमच्याकडे यष्टिमधूच्या काढ्याने तिसऱ्याच थेंबाला दुधाळ रंग धरला. ही नळी क्रीम करण्याआधी पाहिली असती तर तिन्ही बॅचेस वाचल्या असत्या.

क्रीमची आतील मांडणी पाहण्यासाठी साध्या सूक्ष्मदर्शकाला ध्रुवक पटलाचे दोन तुकडे पुरतात. एक तुकडा काचपट्टीखाली, दुसरा नेत्रभिंगावर, आणि वरचा तुकडा क्षेत्र काळे होईपर्यंत फिरवावा. काळ्या क्षेत्रात लहान लहान उजळ गोल व प्रत्येकात काळी फुली दिसली तर थरांची मांडणी शाबूत आहे. फुल्या कमी होऊन ओबडधोबड चमकदार पुंजके दिसू लागले तर थर आवळले जात आहेत असे समजावे, मग बरणीत अजून पाणी सुटलेले नसले तरी. हे निरीक्षण पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि चाळीस अंश तापमानात ठेवलेल्या नमुन्यावर महिन्याने करावे. परिरक्षक धनभारित असल्यास मात्र सूक्ष्मदर्शकावर विसंबू नये. तेथे जंतूंचीच परीक्षा करून घ्यावी लागते.

कुमारी-यष्टिमधूचे ते क्रीम आता आम्ही लॉरिल सल्फेटच्या मेणात व झँथनच्या अल्प प्रमाणात करतो; परिरक्षक भाररहित घेतो. सूत्रपत्रकावर प्रत्येक घटकापुढे वजनाच्या स्तंभाशेजारी भाराचा एक नवा स्तंभ आखला आहे: धन, ऋण किंवा शून्य. नव्या डिंकाचे पोते आले की त्या स्तंभात काही लिहिल्याखेरीज ते भांडारातून बाहेर पडत नाही.